प्रवाळाचा खुराक, घरचा हिशेब

दोनशे लिटरच्या खाऱ्या टाकीत प्रवाळ चांगलं रुजलं आहे आणि पाण्याची अल्कॅलिनिटी रोज 1 डीकेएचने उतरते आहे, असं धरू. ही काही फार मोठी भूक नव्हे. तरी ती भागवायला रोज सुमारे 6 ग्रॅम खाण्याचा सोडा आणि त्याच्या जोडीला सव्वापाच ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड पाण्यात घालावं लागतं. त्यातून प्रवाळ दिवसाला साडेतीन ग्रॅम चुनखडी घडवतं. वर्षाकाठी सव्वा किलोहून जास्त. लक्षद्वीपची बेटं याच मालाची उभी राहिली आहेत. हे पुस्तक त्या रोजच्या साडेतीन ग्रॅमांविषयी आहे. त्यासाठी लागणारी द्रव्यं घरी कशी तोलायची, कशी विरघळवायची, कशी आणि किती द्यायची, आणि मुळात ती द्यायला हवीत का, हे त्याचे प्रश्न.

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या पेशींत झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात. ती उजेडावर साखर बनवतात आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतात. जमैकात थॉमस गोरो या संशोधकाने 1950 च्या दशकात किरणोत्सारी कॅल्शियम वापरून दाखवून दिलं, की उजेडात प्रवाळाचा सांगाडा अंधारापेक्षा कित्येक पट वेगाने वाढतो. म्हणजे टाकीवर चांगला दिवा लावला, की ही भूक आपणच वाढवतो. समुद्रात ती जाणवत नाही, कारण लाटेसरशी नवं पाणी येतं. टाकीत आपण घालू तेवढंच.

या खुराकाचे तीन गट पडतात. पहिला सांगाड्याच्या मालाचा: कॅल्शियम, अल्कॅलिनिटी आणि मॅग्नेशियम. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम सुमारे 420 पीपीएम, मॅग्नेशियम 1,300 च्या आसपास आणि अल्कॅलिनिटी साधारण 7 डीकेएच असते. अल्कॅलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद; डीकेएच हे तिचं माप. समुद्रात तिचा मुख्य भाग बायकार्बोनेटचा. दुसरा गट नायट्रेट आणि फॉस्फेट यांचा, म्हणजे खऱ्या अर्थाने पोषणाचा. तिसरा गट सूक्ष्म द्रव्यांचा: लोह, आयोडीन, मँगेनीज आणि अशी आणखी बरीच नावं. बाजारात सर्वांत जास्त बाटल्या या तिसऱ्या गटाच्या असतात. पुस्तकात सर्वांत कमी पानं त्याच गटाला दिली आहेत, आणि ती विचारपूर्वक दिली आहेत.

पहिल्या गटातली एक गोष्ट आधीच समजून घेतली, तर पुढचं बरंच सोपं होतं. प्रवाळ कॅल्शियम आणि बायकार्बोनेट ठरलेल्या प्रमाणात उचलतं. 1 डीकेएच अल्कॅलिनिटी गेली, की त्यासोबत कॅल्शियम सुमारे 7 पीपीएम जातं. आता 420 मधून 7 गेले तर टेस्ट किटवर फरकही कळत नाही. 7 मधून 1 गेला तर सातवा हिस्सा संपला. कणगी आणि डबा या दोन्हींतून रोज सारखंच मापटं काढलं, तर डबा आधी रिकामा होणारच. म्हणून जाणता माणूस रोज अल्कॅलिनिटी मोजतो आणि कॅल्शियम आठवड्याने. नवखा नेमकं उलट करतो. कॅल्शियमचं नाव ओळखीचं असतं, म्हणून त्याचीच बाटली ओतत राहतो आणि अल्कॅलिनिटी खाली जात राहते.

समुद्राचं पाणी घरी बनवता येईल ही कल्पना दीडशे वर्षांहून जुनी आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 साली मत्स्यालय उघडलं आणि त्याच सुमारास फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाने कृत्रिम समुद्रपाण्याची कृती तयार केली. त्यात साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड एवढी चारच द्रव्यं होती. कॅल्शियमचे क्षार त्याने वगळले होते. आज तेच आपल्याला आधी आठवतात. पण तेव्हा टाकीत प्रवाळ वाढवायचं कुणाच्या मनात नव्हतं. पुढे 1872 ते 1876 या काळात 'चॅलेंजर' जहाज जगभर फिरलं. त्याने आणलेल्या पाण्याच्या 77 नमुन्यांचं पृथक्करण विल्यम डिटमार याने केलं आणि 1884 साली प्रसिद्ध केलं. खारेपणा कुठे कमी, कुठे जास्त असला, तरी मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण जवळपास सगळीकडे एकच असतं, हे त्यातून पक्कं झालं. घरगुती कृतींचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे. प्रमाण स्थिर आहे, म्हणून तर आपण ठरावीक आकड्यांचा पाठलाग करू शकतो.

प्रवाळ टाकीत जगवण्याचा नाद मात्र विसाव्या शतकातला. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1960 च्या सुरुवातीला आपली 'नैसर्गिक पद्धत' लिहून काढली: समुद्राचं ताजं पाणी, समुद्रातून आणलेले जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि ऊन. समुद्र शेजारी होता, म्हणून खुराकाचा प्रश्नच उद्भवला नाही. तो उद्भवला समुद्रापासून लांब राहणाऱ्यांपुढे, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये. पेटर विल्केन्स यांनी 1970 च्या दशकात टाकीतून उडून गेलेल्या पाण्याच्या जागी चुन्याची निवळी घालायला सांगितलं. पुढे बर्लिनच्या छांदिष्टांनी तिच्याभोवती पूर्ण पद्धत बसवली. जिवंत खडक, जोरकस प्रोटीन स्किमर, प्रखर दिवे आणि चुन्याची निवळी यांच्या जोरावर डिट्रिश श्ट्यूबर यांच्यासारख्यांनी अॅक्रोपोरा जातीचं शाखादार प्रवाळ घरात वाढवून त्याचे तुकडे युरोपभर वाटले.

चुन्याच्या निवळीबद्दल मला फार ममत्व आहे, हे इथेच सांगून टाकतो. एक लिटर शुद्ध पाण्यात दीड-पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, त्याहून जास्त नाही. त्यामुळे चुकूनही ती फार कडक होत नाही. गाळ तळाशी बसतो आणि अशुद्धीचा बराच भाग त्यात अडकून राहतो. कॅल्शियम आणि अल्कॅलिनिटी दोन्ही नेमक्या जोडीने मिळतात, मागे काही शिल्लक उरत नाही आणि पाण्याचा पीएचही चढता राहतो. टाकीतून दिवसाला दोन लिटर पाणी उडत असेल, तर सुरुवातीला धरलेली 1 डीकेएचची भूक निवळीच पुरी भागवते. तिची मर्यादाही तीच आहे: जेवढं पाणी उडेल तेवढीच ती देता येते. मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात हवा ओलीचिंब असते, पाणी उडतच नाही आणि निवळीचा डोस आपोआप घटतो. युरोपातल्या पुस्तकांत ही अडचण सापडत नाही. शिवाय निवळीचा पीएच 12 च्या वर असतो. ती थेंबाथेंबानेच द्यायची आणि चुना हाताळताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

यानंतरचे दोन प्रवाह जर्मनीतलेच. एक कॅल्शियम रिअॅक्टरचा: नळकांड्यात प्रवाळाचा चुरा भरायचा, त्यात कार्बन डायऑक्साइड सोडून पाणी आम्लधर्मी करायचं आणि विरघळलेली चुनखडी थेंबाथेंबाने टाकीत आणायची. दुसरा हान्स-वेर्नर बालिंग यांचा. 1994 साली त्यांनी तीन भागांची पद्धत मांडली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अमेरिकेत याच विचाराला रँडी होम्स-फार्ली या रसायनशास्त्रज्ञाने घरोघरी नेलं. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या शरीरातलं फॉस्फेट बांधून ठेवणारं सेव्हेलामर हे औषध विकसित करणाऱ्यांपैकी ते एक. त्यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेली दोन बाटल्यांची सुधारित कृती आजही जगभर वापरली जाते. साधारण पावणेचार लिटर द्रावणात एकीकडे 500 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट आणि दुसरीकडे 594 ग्रॅम खाण्याचा सोडा, तोलून मग भाजलेला. दोन्ही बाटल्या समान मापाने द्यायच्या. सोडा ओव्हनमध्ये सुमारे 150 अंश सेल्सिअसला तासभर भाजला, की त्यातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो, वजन 37 टक्क्यांनी घटतं आणि खाण्याच्या सोड्याचा धुण्याचा सोडा होतो. न भाजता घातला तर टाकीचा पीएच किंचित उतरतो, भाजून घातला तर चढतो. बंद खोलीत, एसीखाली असलेल्या टाकीला भाजलेलाच बरा.

या दोन बाटल्यांमागचं रसायन मला फार सुंदर वाटतं. बेल्जियमच्या अर्नेस्ट सोल्वे यांनी 1861 साली पेटंट घेतलेल्या पद्धतीत चुनखडी आणि मीठ यांपासून सोडा अॅश बनतो, आणि त्यासोबत कॅल्शियम क्लोराइड बाहेर पडतं. म्हणजे कारखाना चुनखडी मोडतो आणि तिचे दोन भाग मिठाच्या दोन भागांशी जोडून दोन पोत्यांत भरतो. आपण त्या दोन पोत्यांतला माल दोन बाटल्यांतून टाकीत ओततो. प्रवाळ त्यातून कार्बोनेट आणि कॅल्शियम वेचून पुन्हा चुनखडी सांधतं. मीठ मात्र पाण्यातच राहतं. कारखान्यात जी अभिक्रिया एका दिशेने चालली, ती प्रवाळ उलट दिशेने पुरी करतं. गुजरातमध्ये मिठापूरला सोडा अॅशचा मोठा कारखाना आहे आणि त्याच किनाऱ्याला कच्छच्या आखातातलं प्रवाळही आहे. मोडण्याचं आणि सांधण्याचं काम इतकं शेजारी चाललेलं दुसरीकडे क्वचितच दिसेल.

मागे राहिलेल्या त्या मिठाचा हिशेब बहुतेक जण विसरतात. आपल्या दोनशे लिटरच्या टाकीत रोज सुमारे 4 ग्रॅम मीठ जमा होतं, वर्षाला दीड किलो. त्या टाकीतल्या सगळ्या क्षारांचं मिळून वजनच सात किलोच्या आसपास असतं. खारेपणा वाढला म्हणून पाणी पातळ केलं, की आकडा जागेवर येतो, पण पोटॅशियम, सल्फेट, मॅग्नेशियम यांचं प्रमाण हळूहळू घसरतं आणि डिटमारने दाखवलेला तोल बिघडतो. बालिंग यांच्या तिसऱ्या भागाचं काम इथे कळतं. तो भाग म्हणजे साधं मीठ वगळून उरलेले समुद्राचे क्षार. साचलेल्या मिठाला तो बाकीची सोबत देतो, मग पातळ केलं तरी प्रमाण टिकतं. ज्यांना हा तिसरा भाग नको, त्यांनी नियमाने पाणी बदलावं. दोन्ही मार्ग चांगले आहेत. काहीच न करणं मात्र वर्षभरात अंगाशी येतं.

नुसतं पाणी बदलून भागवावं, असं मानणाराही एक पंथ आहे. मऊ प्रवाळांच्या छोट्या टाकीला ते पुरतं. पण दोनशे लिटरमध्ये आठवड्याला वीस लिटर नवं पाणी घातलं आणि ते 3 डीकेएचने कडक असलं, तरी टाकीची अल्कॅलिनिटी जेमतेम 0.3 ने चढते. गेलेली असते 7 ने. भूक वाढली की हा मार्ग संपतो.

नायट्रेट आणि फॉस्फेट यांची कहाणी वेगळी आहे. 1980 आणि 90 च्या दशकांत ही दोन्ही नावं शत्रूंच्या यादीत होती. ती वाढली की केसाळ शैवाल माजतं, फॉस्फेट फार झालं तर सांगाडा घडण्यातही अडथळा येतो, आणि खडकांभोवतीच्या स्वच्छ समुद्रात ती जवळपास नसतातच; म्हणून टाकीतूनही ती हद्दपार करायची. जर्मनीतून झिओलाइट वापरणाऱ्या पद्धती आल्या. जिवाणूंना कार्बन देण्यासाठी टाकीत वोडका किंवा व्हिनेगर घालायची प्रथा पडली. जिवाणू वाढताना नायट्रेट, फॉस्फेट ओढून घेतात आणि स्किमर त्या जिवाणूंना बाहेर काढतो. टाक्या विलक्षण स्वच्छ झाल्या. प्रवाळांचे रंग फिकट, पेस्टलसारखे झाले आणि काही काळ तीच फॅशन झाली. मग त्याच टाक्यांत प्रवाळ पांढरं पडून मरू लागलं आणि वाळूवर तपकिरी, चिकट डायनोफ्लॅजेलेट पसरू लागले.

मोकळ्या समुद्रात पाण्यात विरघळलेलं पोषण थोडं असलं, तरी प्रवाळावरून सतत प्लवक वाहत असतं आणि माशांचे थवे त्याच्या फांद्यांत रात्र काढून खत देत असतात, हे विसरलं गेलं होतं. ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठात यॉर्ग वीडेनमान आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट नसल्यात जमा, असा तोल बिघडला की उष्णता आणि उजेड सोसण्याची प्रवाळाची ताकद कमी होते. हा निबंध 2013 साली 'नेचर क्लायमेट चेंज'मध्ये छापला गेला. आता हौशी लोक काळजीपूर्वक नायट्रेट आणि फॉस्फेट टाकीत घालतात. वीस वर्षांपूर्वी हे कुणी बोललं असतं, तर त्याला वेड्यात काढलं असतं.

या द्रव्यांची ओळख महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळ्या वाटेने आधीच झालेली असू शकते. द्राक्षबागेत किंवा डाळिंबाच्या ठिबकमधून जे 13:00:45 सोडतात, ते पोटॅशियम नायट्रेट. 00:52:34 म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. द्रव्य तेच, पण शेतीचा माल शेतीसाठी तपासलेला असतो. त्यातली किंचितशी अशुद्धी वेलीला जाणवत नाही, दोनशे लिटरच्या बंद टाकीत ती वर्षभर साचत राहते. म्हणून पुस्तकात खाद्य किंवा प्रयोगशाळेच्या दर्जाचाच माल घ्यायला सांगितलं आहे. प्रमाणाचं भानही इथे सर्वांत जास्त लागतं. शंभर लिटर पाण्यात 1 ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट घातलं, तर नायट्रेट सुमारे 6 पीपीएमने चढतं, हे चालण्यासारखं आहे. तेवढंच मोनोपोटॅशियम फॉस्फेट घातलं, तर फॉस्फेट 7 पीपीएमने चढतं, आणि आपल्याला हवं असतं 0.03 ते 0.1. म्हणून फॉस्फेट थेट कधीच द्यायचं नाही. 1 ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवायचा; त्या द्रावणाचे साडेआठ मिलिलिटर दोनशे लिटरला 0.03 देतात. दिलेलं फॉस्फेट दुसऱ्या दिवशी टेस्टमध्ये सापडलं नाही, म्हणून घाबरून दुप्पट करू नये. नवे खडक आणि वाळू ते शोषून घेतात आणि पोट भरलं की हळूहळू परतही सोडतात.

सूक्ष्म द्रव्यांबद्दल थोडक्यात. 1990 च्या दशकात स्ट्रॉन्शियमची लाट होती, मग आयोडीनची आली. प्रवाळाच्या सांगाड्यात स्ट्रॉन्शियम असतं हे खरं, पण ते कॅल्शियमसोबत वाहत जातं म्हणून असतं. ते वेगळं घातल्याने प्रवाळाचं भलं होतं, असं मानायला मला भक्कम आधार दिसत नाही. 2010 च्या दशकात जर्मनीतल्या ट्रायटनसारख्या कंपन्यांनी आयसीपी तपासणी हौशी माणसाच्या आवाक्यात आणली. पाण्याची छोटी बाटली पाठवली, की तीसहून अधिक मूलद्रव्यांचे आकडे घरी येतात. यामुळे एक नवा पंथ तयार झाला. तो प्रत्येक मूलद्रव्य समुद्राच्या आकड्यावर आणून ठेवतो. त्यांच्या चिकाटीचा मला आदर वाटतो. पण तांब्यासारखं द्रव्य आवश्यक मात्रेपासून विषारी मात्रेपर्यंत जायला फारसा वेळ घेत नाही, आणि घरातल्या तराजूवर ते तोलणं धोक्याचं आहे. ज्याची टेस्ट करता येत नाही ते घालायचं नाही, हा या क्षेत्रातल्या जुन्या माणसांचा दंडक मी पूर्ण मानतो.

हे सगळं आजच का, असा प्रश्न कुणी विचारेल. एप्रिल 2024 मध्ये जगभरातल्या प्रवाळाचं चौथं मोठं विरंजन जाहीर झालं. लक्षद्वीपच्या समुद्रातही त्या उन्हाळ्यात प्रवाळ पांढरं पडलं. त्याच वेळी जगातल्या किती तरी संस्था प्रवाळ जमिनीवर, टाक्यांत वाढवायला शिकताहेत. लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये चंद्र, सूर्य आणि तापमान यांची नक्कल करून प्रवाळाचं प्रजनन टाकीत ठरवून घडवलं गेलं. फ्लोरिडा अॅक्वेरियमने ऑगस्ट 2019 मध्ये अटलांटिकमधलं पिलर कोरल टाकीत प्रजननाला आणलं. या टाक्यांत रोजचा खुराक ठरवण्याची भाषा तीच आहे, जी हौशी लोकांनी आपल्या दिवाणखान्यात घडवली: डीकेएच, पीपीएम, डोसिंग पंप.

उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली आहे. अॅरिझोनातल्या बायोस्फिअर 2 या बंदिस्त प्रकल्पात सुमारे 26 लाख लिटरचा कृत्रिम समुद्र होता. ख्रिस लँगडन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या पाण्याचं रसायन बदलून पाहिलं आणि 2000 साली लिहिलं, की चुनखडी घडण्याचा वेग पाण्याच्या कार्बोनेट संपृक्ततेवर अवलंबून असतो. समुद्र आम्लधर्मी होत गेला तर प्रवाळाचं काय होईल, या चर्चेतला तो कळीचा पुरावा ठरला. नंतर ग्रेट बॅरियर रीफवर, वन ट्री बेटाजवळ, रिबेका ऑलब्राइट आणि केन कॅल्डेरा यांच्या गटाने खुद्द समुद्राच्या पाण्यात सोडियम हायड्रॉक्साइड सोडून अल्कॅलिनिटी वाढवली. औद्योगिक काळाआधीच्या पातळीला नेलेल्या त्या पाण्यात प्रवाळांनी सुमारे 7 टक्के जास्त चुनखडी घडवली. हा निबंध 2016 साली 'नेचर'मध्ये आला. टाकीला डोस देणाऱ्याने हे निबंध वाचले, तर त्याला आपलीच वही वाचल्यासारखं वाटेल.

भारतातल्या वाचकाशी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. वन्यजीव संरक्षण कायद्यात सर्व कठीण प्रवाळांना 2001 साली पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण मिळालं. काळं प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ यांनाही. मालवणच्या किनाऱ्यावरून किंवा अंदमानच्या सहलीतून उचललेला एक तुकडाही गुन्ह्यात बसतो. मुंबईत कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजीअली इथल्या प्रवाळ वसाहती आल्या, तेव्हा महापालिकेलाही त्या हलवण्यासाठी रीतसर परवानगी काढावी लागली आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने 2020 साली त्यांचं स्थलांतर झालं. अॅक्रोपोरा वाढवण्याची प्रकरणं म्हणूनच दुबई, सिंगापूर, लंडन, न्यू जर्सी इथे राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आणि संस्थांसाठी आहेत. इथल्या हौशी माणसाला मऊ प्रवाळ, गुलाबी कोरलाइन शैवाल आणि हॅलिमेडासारखी चुनखडी साठवणारी शैवालं यांवरही सगळं रसायन शिकता येतं. त्यांची भूक कमी असते, हिशेब तोच असतो. समुद्रातून चोरलेल्या प्रवाळाला उत्तम खुराक देणं हे कुठल्याच अर्थाने जतन नव्हे, आणि तशा टाकीला या पुस्तकाने मदत करावी अशी माझी मुळीच इच्छा नाही.

परदेशी कृती जशाच्या तशा इथे चालत नाहीत, हेही हे पुस्तक लिहिण्याचं एक कारण. कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात पिशवी उघडी राहिली तर तिला पाणी सुटतं, मग तराजूवर तोललेल्या 500 ग्रॅमांत कॅल्शियम किती आणि ओल किती हे सांगता येत नाही. दुकानात ते निर्जल मिळालं तर त्यात 36 टक्के कॅल्शियम असतं, डायहायड्रेटमध्ये 27 टक्के. लेबल न वाचता अदलाबदल केली, तर डोस तिसऱ्या हिश्शाने चुकतो. निर्जल प्रकार पाण्यात टाकताच द्रावण चटका बसेल इतकं तापतं. बेकिंग पावडर आणि खाण्याचा सोडा एकच समजून घोटाळा होतो. बेकिंग पावडरमध्ये आम्लाची भुकटी आणि स्टार्च असतो, ती टाकीत जाता कामा नये. पापडखारही नको. घरातल्या प्यायच्या आरओचं पाणीही पुरेसं शुद्ध नसतं. पुढे डीआय रेझिनचा टप्पा लावून टीडीएस शून्यावर आणावा लागतो. नाहीतर बोअरचं कडक पाणी आपल्या नकळत रोज आपलाच एक डोस देत राहतं.

आयात केलेल्या बाटलीत बहुतांश पाणी असतं आणि आपण त्या पाण्याच्या भाड्याचे पैसे मोजतो, म्हणून घरी मिसळणं स्वस्त पडतं, हे खरं. पण स्वस्ताईसाठी मी कुणाला हा मार्ग सुचवणार नाही. तयार बाटलीवर 'रोज अमुक मिलिलिटर' असं लिहिलेलं असतं. आपण ते घालतो, आणि टाकीत काय गेलं हे आपल्याला ठाऊक नसतं. स्वतः तोलणाऱ्याला प्रत्येक ग्रॅम ठाऊक असतो. टाकी बिघडली तर कुठे पाहायचं हे त्याला कळतं, आणि टाकी सुधारली तर कशामुळे, हेही कळतं. ज्याला मोजण्याचा कंटाळा आहे त्याने खुशाल तयार बाटली घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही. मोजल्याविना घरी मिसळणं मात्र तयार बाटलीपेक्षा कितीतरी जास्त घातक आहे.

पुस्तकाची मांडणी या विश्वासातूनच आली आहे. सुरुवात कृतींनी होत नाही, मोजण्यापासून होते. टेस्ट किट कशी पारखायची, रिफ्रॅक्टोमीटर कशाने जुळवायचा, एकाच वेळी एकाच जागेवरून नमुना का घ्यायचा, हे आधी येतं. त्यानंतर चुना, दोन बाटल्या, तिसरा भाग, मॅग्नेशियम, नायट्रेट, फॉस्फेट. प्रत्येक कृतीत एक लिटर द्रावणाचा हिशेब दिला आहे आणि तो कसा काढला तेही दाखवलं आहे, म्हणजे वाचकाला आपल्या टाकीच्या मापाने तो पुन्हा मांडता येईल. अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं आणि 'रंग वाढवणारी' मिश्रणं वगळली आहेत, कारण त्यांचा परिणाम घरात मोजता येत नाही. घरी प्लवक वाढवण्याचा विषय मोठा आहे. त्याला स्वतंत्र पुस्तकच हवं.

कृतींकडे वळण्याआधी वाचकाने आठवडाभर काहीही न घालता रोज ठरल्या वेळी अल्कॅलिनिटी मोजून वहीत लिहावी. ती 6 डीकेएचच्या खाली गेली तर तिथेच थांबावं. रोजची घट काढल्याशिवाय पुढच्या कोष्टकांचा उपयोग नाही. डोस सुरू केल्यावर एका दिवसात अल्कॅलिनिटी 1 डीकेएचपेक्षा जास्त चढवू नये. दोन बाटल्या एकाच वेळी, एकाच जागी ओतू नयेत. मध्ये किमान अर्धा तास जाऊ द्यावा आणि दोन्ही वाहत्या पाण्यात घालाव्यात, नाहीतर चुनखडी प्रवाळाऐवजी टाकीखालच्या सम्पमध्येच पांढऱ्या भुकटीसारखी उतरते. तराजू 0.1 ग्रॅमचा असावा. बाटल्यांवर द्रव्याचं नाव, प्रमाण आणि तारीख लिहावी आणि त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा जागी ठेवाव्यात.